पुस्तक मिटून ऐकणारे उस्ताद

उस्ताद तुर्सुन यांना मराठी येत नव्हतं, आणि मी आजवर पाहिलेले मराठीचे सगळ्यांत कडक शिक्षक तेच. वर्गात ते पुस्तक उघडत नसत. मिटलेलं पुस्तक मांडीवर ठेवायचे, त्यावर दोन्ही तळवे ठेवायचे, डोळे मिटायचे आणि मुलाला सांगायचे, "बोल." मूल धडा म्हणू लागे. कुठे अडखळलं की उस्तादांच्या उजव्या हाताचं बोट वर होई. अर्थ त्यांना कळत नसे, पण वाक्य लंगडलं की कळे.

ही लाल समुद्राकाठच्या यान्बू या अरबी बंदराची गोष्ट आहे. तिथल्या जुन्या गावात उस्तादांचा पुतण्या अब्दुलकादिर याचं बुखारी भाताचं हॉटेल होतं. मी एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये टायपिस्ट होतो आणि कॅम्पात राहत होतो. शुक्रवारी कॅम्पाच्या जेवणाला कंटाळलेली आम्ही कोकणातली माणसं तिथे जायचो. मागच्या बाजूला एक म्हातारा मन्तू करत उभा असे, तेच हे उस्ताद. मन्तू म्हणजे आपल्या मोदकासारखंच वाफवलेलं प्रकरण, फक्त आत मटण आणि कांदा. त्यांच्या पाऱ्या इतक्या सारख्या पडत की एकदा मी त्यांना म्हणालो, "माझ्या आईला दाखवायला हवेत तुमचे हात." त्यांनी विचारलं, "तुझी आई काय वाचते?" आई काय रांधते असं नाही, काय वाचते. मी म्हणालो, "बाबा छापतात ते सगळं." माझ्या वडिलांची चिपळूणला पायाने चालवायची छपाईची ट्रेडल होती. लग्नपत्रिकांवर घर चाले आणि उरलेल्या वेळात मोर्चांची, संपांची, कुळांच्या हक्कांची पत्रकं निघत. मी अक्षरं शिकलो ती त्या पत्रकांवर. उस्तादांनी ते मन लावून ऐकलं आणि तेव्हापासून मला मुन्शी म्हणू लागले.

ते उइगुर होते. चीनच्या पश्चिम टोकाला, काशगरजवळच्या एका गावात त्यांनी सगळं आयुष्य शाळामास्तरकी केली होती. तिथे भाषा तुर्की वळणाची, धर्म इस्लाम आणि सरकार चिनी. निवृत्त झाल्यावर ते पाकिस्तानमार्गे हजला निघाले. कागदांसाठी रावळपिंडीत दोन वर्षं अडकले, तिथेच उर्दू शिकले. हज केली आणि परत गेलेच नाहीत. त्यांचा भाऊ लहानपणीच या देशात आला होता, ताइफला राहायचा. उस्ताद पुतण्याकडे यान्बूला आले, त्याच्या कफीलच्या, म्हणजे स्थानिक जामीनदाराच्या, नावावर त्यांचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, झाला. मुलगा आणि नात मात्र तिकडेच राहिली. "परत का जात नाही?" असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "गेलो तर आधी विचारतील, इतके दिवस कुठे होतास. उत्तर देता देता मी मरेन. नातीला भेटायचं राहूनच जाईल."

आपण शाळा म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर एक इमारत येते, जिचं छप्पर फार तर गळेल. उस्तादांच्या शाळेची इमारत तशीच राहिली. बदलत गेली ती आतली अक्षरं. ते स्वतः अरबी वळणाच्या जुन्या लिपीत शिकले. मास्तर झाले तेव्हा सरकार म्हणत होतं की प्रत्येकाने आपल्या भाषेत शिकावं, आणि गावोगाव शाळा निघत होत्या. मग हुकूम आला की ती लिपी मागासलेली आहे, आता रशियन वळणाची अक्षरं शिकवा. उस्तादांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत ती शिकून घेतली, मुलांच्या पुढे दोन आठवडे. ती रुळतायत तोवर रशियाशी बिनसलं, आणि हुकूम आला की ती अक्षरं चुकीची, आता रोमन. पुन्हा पुस्तकं बदलली. मग त्यांची शाळा चिनी शाळेत मिसळून टाकली. मग शाळाच बंद झाली आणि मास्तरांना कालवे खणायला पाठवलं. दहा-एक वर्षांनी वारं फिरलं आणि सरकारने जाहीर केलं की जुनी अरबी लिपीच बरोबर होती.

"माझ्या आईची पत्रं माझ्या मुलाला वाचता येत नव्हती," उस्ताद म्हणायचे. "माझ्या मुलाची पत्रं माझ्या नातीला वाचता येत नाहीत. नात आणि माझी आई एकमेकींचं वाचू शकल्या असत्या, पण आई मेली. तिघांची भाषा एकच. मी मध्ये टपालवाल्यासारखा बसायचो."

हे सांगताना ते हसत. मला हसू येत नसे. मी तावातावाने म्हणायचो, "उस्ताद, हा तर गुन्हा आहे. पिढ्यांच्या पिढ्या आंधळ्या करायच्या." ते पारी हातात फिरवत म्हणायचे, "गुन्हा आहेच. पण मुन्शी, सोमवारी वर्ग होता ना. मला सोमवारचं बघायला लागायचं."

सोमवारचं बघणं म्हणजे काय, ते मला त्यांच्या चौतीस धड्यांच्या गोष्टीतून कळलं. शाळा बंद होणार हे त्यांना आधी कळलं होतं. पुस्तकं जमा करायची होती, एकही लपवलेलं सापडलं तर घरादाराची धिंड. वर्गात चौतीस मुलं होती आणि वाचनाच्या पुस्तकात धडेही चौतीस. उस्तादांनी एकेका मुलाला एकेक धडा दिला. दीड महिना दुसरं काही शिकवलं नाही. शेवटी पुस्तकांची पोती त्यांनी स्वतः पाठीवर घालून कचेरीत नेली, प्रत्येक प्रत मोजून दिली आणि अधिकाऱ्याकडून पावती घेतली. पुस्तक कुणाच्याही घरात नव्हतं. ते चौतीस घरांत होतं.

वारं फिरल्यावर खात्याला तेच वाचनाचं पुस्तक पुन्हा छापायचं होतं, आणि जिल्ह्यात एक प्रत उरली नव्हती. उस्ताद सायकलवर निघाले. कुणी ट्रक चालवत होता, कुणी खाटीक झाला होता, कुणी पाच मुलांची आई झाली होती. "ती पीठ मळत होती," उस्तादांनी सांगितलं. "मी दारात उभा राहून म्हणालो, अकरावा. तिने हात पुसले नाहीत, वर बघितलं नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून टाकला." तेहतीस धडे मिळाले. एकोणिसाव्या धड्याचा मुलगा कालव्याच्या कामावर दरडीखाली गेला होता. उस्तादांनी हाताने लिहून काढलेल्या प्रतीत त्या जागी दोन पानं कोरी सोडली.

"तुम्हाला थोडा तरी आठवत असेल ना?" मी विचारलं.

"बराचसा आठवतो."

"मग लिहिला का नाहीत?"

"तो त्याचा धडा होता," ते म्हणाले.

खात्याने त्यांना मानपत्र दिलं. त्यावर सही होती ती पोत्यांची पावती देणाऱ्या त्याच अधिकाऱ्याची. मी असतो तर ते मानपत्र त्याच्या तोंडावर फेकलं असतं. उस्तादांनी त्याची विचारपूस केली. त्या माणसाच्या मुलालाही मधल्या काळात शाळा मिळाली नव्हती.

कुवेतवर इराकी फौजा आल्या तेव्हापासून यान्बूतली कोकणातली कुटुंबं निघायच्या तयारीत एका पायावर उभी होती. कुवेतमधले आपले लोक अंगावरच्या कपड्यांनिशी गावी पोचल्याची पत्रं येत होती. जानेवारीत युद्ध पेटलं आणि शाळा बंद झाल्या. तेलाची नळी यान्बूला येते, तेव्हा इथेही क्षेपणास्त्र पडणार अशी बोलवा होती. खिडक्यांना चिकटपट्ट्या लागल्या, विषारी वायूच्या भीतीने घराघरांत एक खोली कापडाच्या बोळ्यांनी बंद करून ठेवली गेली. मोठी माणसं कामावर जात आणि मुलं घरात एकमेकांची डोकी फोडत.

आमच्या कारखान्यात दापोलीकडचे हमीदभाई वेल्डिंगचे फोरमन होते. त्यांची बायको जैनबभाभी एका शुक्रवारी हॉटेलात मला म्हणाली, "भाऊ, उद्या उठून गावाला जावा लागला तर माझी रिझवाना शाळेत बसणार कशी? बाराखडी येत नाय तिला. मी मराठीत विचारते, ती इंग्लिशमध्ये सांगते."

रिझवाना नऊ वर्षांची होती. ती म्हणाली, "आय नो इट, अम्मी. आय जस्ट डोन्ट लाइक इट."

"ऐकलात?" भाभी म्हणाली.

हमीदभाई हसले. "मराठी शिकून काय करणार हाय ती? दापोलीला रिक्षा चालवणार?"

"तुम्हाला आलीय ना मराठी," भाभी म्हणाली, "तुम्ही कुठे चालवताव रिक्षा?"

मागे वाफेच्या भांड्यापाशी उभे असलेले उस्ताद सगळं बघत होते. मला बोलावून त्यांनी विचारलं, काय चाललंय. मी सांगितलं. त्यांनी हात धुतले. "वरचा मजला रिकामा आहे," ते म्हणाले. "दुपार कलली की, असरच्या नमाजनंतर आणा मुलांना. पुस्तक आहे का कुणाकडे?"

अख्ख्या यान्बूत मराठीचं एकच पुस्तक निघालं, जैनबभाभीने गावाहून आणलेलं तिसरीचं. मुलं जमली अकरा. हॉटेलचा वरचा मजला म्हणजे बायकामुलांसाठीचा फॅमिली सेक्शन. पडदे लावून केलेल्या छोट्या छोट्या खोल्या होत्या, युद्धामुळे गिऱ्हाईक नव्हतं. प्रत्येक पडद्याआड एक मूल आपापला धडा घोकत बसे. जिन्यावरून वर येताना मधमाश्यांच्या पोळ्यासारखा आवाज यायचा. अक्षर आणि अर्थ मी शिकवायचो आणि मग मूल उस्तादांपुढे जाऊन बसायचं.

माझं आणि उस्तादांचं भांडण पहिल्याच दिवशी झालं. पाठांतर हा मुलांच्या बुद्धीवरचा अत्याचार आहे, असं एक पत्रकच माझ्या वडिलांनी छापलं होतं. मी ते जवळजवळ शब्दशः उस्तादांना ऐकवलं.

"परीक्षेसाठी पाठांतर वाईटच," ते शांतपणे म्हणाले. "मी परीक्षा घेत नाही."

"मग पाठ कशाला करायचं? पुस्तक आहे ना."

"एक आहे," ते म्हणाले. एवढंच बोलून त्यांनी पुढच्या मुलाला बोलावलं.

मला ते जुनाट वाटलं. पण तीन आठवड्यांत रिझवाना 'होडी' हा धडा अशी म्हणू लागली की तिची आई जिन्यात बसून ऐकायची. विहिरीवरचा धडा पाठ असलेला एक अडखळता मुलगा होता. त्याला उस्तादांनी सगळ्यांत जास्त वेळ दिला. त्याचं वाक्य पुरं होईपर्यंत ते श्वास रोखून बसत आणि पुरं झालं की त्याच्याइतकाच मोठा सुस्कारा टाकत. कुणाची पाठ थोपटणं नाही, शाबासकी नाही. धडा पुरा झाला की ते फक्त "हां" म्हणत. त्या एका "हां"साठी मुलं तासभर घोकायची.

आणि मग मी माझा मूर्खपणा केला.

वर्ग चांगला चाललाय, तर तो सगळ्यांना कळायला हवा, असं मला वाटलं. आमच्या घरी चांगल्या गोष्टीचं पत्रक निघायचंच. मी एका पानावर लिहिलं, 'आपल्या भाषेत शिकणं हा प्रत्येक मुलाचा हक्क आहे.' खाली चीनमधल्या शाळांची हकीकत, वर्गाची जागा, वेळ आणि 'संस्थापक : उस्ताद तुर्सुन'. ऑफिसच्या मशिनवर चाळीस प्रती काढल्या आणि कॅम्पाच्या भोजनगृहात, धोबीघराजवळ, बसथांब्यावर चिकटवल्या. माझं नाव घातलं नाही. पत्रकावर लिहिणाऱ्याचं नाव घालायचं नाही, काम मोठं आणि माणूस लहान, हा आमच्या घरचा नियम होता.

युद्धाच्या दिवसांत, तेलाच्या कारखान्याजवळ, तिथल्या अरबांना वाचता न येणाऱ्या लिपीतला एक कागद भिंतीवर लागला होता. त्यात फक्त वेळ तेवढी इंग्रजी आकड्यांत होती. कुणीतरी तो सुरक्षावाल्यांकडे दिला. त्यांनी कुणाकडून तरी वाचून घेतला. त्यातलं एकच नाव त्यांच्या कामाचं होतं.

चौथ्या दिवशी एक तरुण अधिकारी जिना चढून वर आला. मागे घाबरलेला अब्दुलकादिर. पडद्यांआडचं घोकणं एकदम थांबलं. अधिकाऱ्याने अरबीत विचारलं, "इथे काय शिकवता?"

"मी शिकवत नाही," उस्ताद म्हणाले. "ऐकतो."

"कुठली भाषा?"

"यांची. मला येत नाही."

अधिकारी गोंधळला. त्याने रिझवानाला बोट केलं. तिने उभं राहून 'होडी' म्हणून दाखवला आणि मग त्याने न विचारताच मोडक्या अरबीत अर्थ सांगितला, की बाप मासे घेऊन येतो आणि मुलगी होडी ओढायला जाते. तोही बंदरावरच्याच घरातला असावा, क्षणभर तो हसला. मग म्हणाला की परवानगीशिवाय शाळा चालवता येत नाही, या दिवसांत तर नाहीच. उस्तादांचं नाव त्याने उतरवून घेतलं आणि पुस्तक उचललं. पुरावा म्हणून.

उस्ताद म्हणाले, "पावती द्या."

अधिकाऱ्याने त्यांच्याकडे पाहिलं. त्याला वाटलं असावं, म्हातारा थट्टा करतोय. पण उस्ताद हात पुढे करून उभेच राहिले, आणि त्याने खरोखरच एका चिठोऱ्यावर लिहून दिलं.

मुलं गेल्यावर अब्दुलकादिर माझ्यावर धावून आला. "कफील सांगतोय, म्हाताऱ्याचा इकामा पुढे करणार नाही. महिना उरलाय. आता इथे चीनचा राजदूतही आलाय, दोन्ही सरकारांची दोस्ती झालीय. ताइफला दुसरा कफील मिळाला नाही तर यांना कुठे पाठवतील, कळतंय का तुला? तू लिहिलंस ना ते? मग त्यात तुझं नाव कुठे आहे?"

ज्या नियमाचा मला अभिमान होता, त्याने एका सत्तर वर्षांच्या माणसाला उघड्यावर आणलं होतं आणि मला झाकून ठेवलं होतं.

उस्ताद म्हणाले, "ओरडू नकोस त्याच्यावर. त्याचा कागद चांगलाच असणार." मग माझ्याकडे वळून, "पण मुन्शी, कागदाला पत्ता असतो. पाठ केलेल्या धड्याला काय, तो मुलाबरोबर कुठेही राहतो."

मी म्हणालो, मी जाऊन सांगतो की लिहिणारा मी आहे. ते पहिल्यांदाच माझ्यावर रागावले. "आणि तुझा इकामा गेला की मुलांना अर्थ कोण सांगणार? पुस्तक गेलं, मी जाणार. तूही जा. मग सोमवारी कोण आहे?"

तरीही मी गेलो. न जाणं मला झेपलं नसतं. दोन तास बाकावर बसलो, मग त्या तरुण अधिकाऱ्याने आत बोलावलं. मी नाव सांगितलं, सगळं सांगितलं. त्याने माझं नाव लिहूनही घेतलं नाही. "खलास," तो म्हणाला. "कागद वर गेला." त्याला माझा राग आलेला नव्हता. त्याच्या टेबलावर तसे शंभर कागद होते.

उरलेल्या दिवसांत उस्ताद मुलांना भेटले नाहीत. अब्दुलकादिरने तशी शपथच घातली होती. मी घरोघर फिरत होतो, एकेक धडा ऐकत होतो. हमीदभाईंनी आपली बसायची खोली मला दिली. "शाळा नाय ही," ते दारात उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "पाहुणे आलेत." अकराही धडे शाबूत होते. पुस्तक कुठल्यातरी कपाटात पडलेलं होतं आणि मुलांना त्याची गरज नव्हती. पाठांतराबद्दलचं माझ्या वडिलांचं पत्रक मी पेटीतून काढून पुन्हा वाचलं. तेही खोटं नव्हतं. फक्त ते अशा माणसाने लिहिलं होतं ज्याच्या गावात पुस्तकं विकत मिळत होती.

युद्ध संपल्यावर दुसऱ्याच आठवड्यात उस्ताद ताइफला निघाले. भावाच्या ओळखीने तिथे नवा कफील शोधायचा होता. मुदतीचे नऊ दिवस उरले होते. बसच्या थांब्यावर आम्ही चौघंच होतो, अब्दुलकादिर, मी, हमीदभाई आणि त्यांचा हात धरलेली रिझवाना. उस्तादांकडे एक पत्र्याची पेटी होती. हमीदभाईंनी ती बसच्या पोटात नीट ठेवली आणि म्हणाले, "उस्ताद, माझी पोरगी आता मराठीत भांडते माझ्याशी. हे काय केलात तुम्ही?" मी त्याचं उर्दू करून सांगितलं. उस्ताद हसले नाहीत. त्यांनी पायरीवर ठेवलेला पाय खाली घेतला, रिझवानाकडे पाहिलं आणि डोळे मिटले.

"बोल," ते म्हणाले.

ती तिथेच, डिझेलच्या धुरात, 'होडी' म्हणू लागली. सरसर म्हणत गेली. बाबा आले, टोपली उतरली, होडी वाळूवर ओढली, पाणी ओसरलं. मी मान डोलावत होतो. ड्रायव्हरने निघायची घाई करत हॉर्न वाजवला. "यल्ला, या हाज्जी."

उस्तादांचं बोट वर झालं.

मला वाटलं, ते ड्रायव्हरला थांबवतायत. पण ते बोट रिझवानासाठी होतं. ती थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं, मी खांदे उडवले. मला काही चुकलेलं दिसलं नव्हतं, आणि बघायला पुस्तक नव्हतं. उस्ताद बोट तसंच ठेवून उभे होते. ड्रायव्हर पुन्हा काहीतरी ओरडला, अब्दुलकादिर त्याला समजावायला गेला. रिझवाना ओठ हलवत मागे मागे गेली, होडी, वाळू, ओढली, आणि एकदम म्हणाली, "ओ. वल्ही."

"होडी वाळूवर ओढली," ती पुन्हा म्हणाली. "बाबांनी वल्ही काढून ठेवली. मग पाणी ओसरलं." आणि तिथून शेवटपर्यंत गेली.

"हां," उस्ताद म्हणाले आणि बसमध्ये चढले.